विश्लेषण : अंगणातली ‘शुद्ध’ जातीची कोंबडी... ओळखायची कशी, राखायची कशी?

लाखनी, साकोली, लाखांदूर या धानपट्ट्यात घरामागे खुराडा असणे ही काही बातमी नाही. बातमी आहे ती खुराड्यातल्या कोंबडीला आता जात विचारली जाऊ लागली ही. काल-परवापर्यंत कोंबडी ‘गावठी’ असे, किंवा ‘बॉयलर’. आता मोबाइलवर दिवसाला दहा जाहिराती येतात : ‘शंभर टक्के शुद्ध कडकनाथ’, ‘ओरिजनल असील’, ‘अस्सल गावरान सातपुडा’. पिल्ले खोक्यात भरून ट्रॅव्हल्सने किंवा दुचाकीवरून घरपोच येतात. एका पिल्लाचा दर गावठी पिल्लाच्या कितीतरी पट. सहा महिन्यांनी पाखरू मोठे झाले की कळते, सांगितले ते हे नव्हेच. तोवर विक्रेत्याचा क्रमांक बंद झालेला असतो. ही शुद्धता म्हणजे नेमके काय, ती घरच्या घरी टिकते का आणि तिच्या मागे लागून काय गमावले जाऊ शकते, याचा हा आढावा.

विषय आता का?

२०१९च्या २०व्या पशुगणनेत देशातील कोंबड्या-बदकांची एकूण संख्या ८५.१८ कोटी निघाली. २०१२च्या तुलनेत ही वाढ १६.८ टक्के होती. पण या बेरजेच्या आत दोन वेगळ्या गोष्टी दडल्या होत्या. व्यावसायिक शेडमधले पक्षी जेमतेम ४.५ टक्क्यांनी वाढले. परसातले, म्हणजे घरामागे पाळलेले पक्षी मात्र ४५.८ टक्क्यांनी वाढून ३१.७ कोटींवर गेले. देशात कोंबडीपालन म्हणजे मोठमोठी शेड हे चित्र पक्के झालेले असताना, वाढ मात्र अंगणात होत होती.

त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये २१वी पशुगणना सुरू झाली. या वेळी जातनिहाय नोंदीवर भर होता. गणना करणारा माणूस दारात येऊन कोंबडी कोणत्या जातीची असे विचारतो, तेव्हा बहुतेक घरांचे प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही’ असेच असते. हे उत्तर चुकीचे नाही. उलट बाजारात छातीठोकपणे दिल्या जाणाऱ्या उत्तरांपेक्षा ते जास्त खरे आहे.

‘शुद्ध जात’ कशाला म्हणायचे?

पशुपैदास शास्त्रात याची कसोटी सरळ आहे. एकाच जातीच्या नर-मादीची पिल्ले रंग, बांधा, तुरा, पायांचा रंग, वजन, अंडी यांत आईबापांसारखीच निघाली आणि पुढच्या पिढीतही तशीच निघत राहिली, तर ती जात शुद्ध. देशात अशा जातींची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ठेवते. असील, कडकनाथ, अंकलेश्वर, घागस, हरिंगघाटा ब्लॅक, निकोबारी ही त्या यादीतली काही नावे. महाराष्ट्राचा थेट संबंध येतो तो ‘बुसरा’शी. गुजरातच्या सीमेला लागून नवापूर आणि पश्चिम खान्देशात आढळणारी ही लहान चणीची कोंबडी. पूर्व विदर्भाला जवळची म्हणाल तर असील. तिचे मूळ क्षेत्र छत्तीसगड, ओडिशा आणि आंध्र प्रदेश असे नोंदलेले आहे आणि छत्तीसगडची हद्द लाखनीपासून फार दूर नाही.

याखेरीज ऱ्होड आयलंड रेड (बाजारातली ‘आरआयआर’) आणि ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प या अनुक्रमे अमेरिका व ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या विदेशी जाती. त्याही शुद्ध जातीच आहेत, फक्त देशी नाहीत.

घोळ होतो तो तिसऱ्या गटाशी. वनराजा, ग्रामप्रिया, श्रीनिधी हे पक्षी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने, गिरिराजा बेंगळूरुच्या पशुवैद्यक महाविद्यालयाने परसासाठी तयार केलेले. रंगीत पिसे, दणकट बांधा, गावठीपेक्षा दीडपट-दुप्पट अंडी आणि वेगाने वाढणारे वजन. हे उत्तम पक्षी आहेत, पण ती शुद्ध जात नव्हे. ते वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून येतात. धान पिकवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. संकरित धानाचे बियाणे घरचे राखून पेरले की दुसऱ्या वर्षी शेतात उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी सगळी मिसळ उगवते. वनराजाच्या अंड्यांतून घरी पिल्ले काढली तर नेमके तेच होते. शिवाय या पक्ष्यांच्या माद्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे अंडी उबवायला दुसरी कोंबडी लागते आणि दर दीड-दोन वर्षांनी पिल्ले नव्याने विकत घ्यावी लागतात. ही गोष्ट जाहिरातीत नसते.

आणि चौथा गट, आपली गावठी. ती कोणत्याही एका जातीत बसत नाही. कागदोपत्री तिला ‘अवर्णित’ म्हणतात. हा शब्द ऐकायला कमीपणाचा वाटतो, पण वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी घालणारी, स्वतः २१ दिवस बसून ती उबवणारी, पिल्लांना घारीपासून पंखाखाली घेणारी आणि उकिरड्यावर स्वतःचे पोट भरणारी ही कोंबडी कोणत्याही हॅचरीने तयार केलेली नाही. शुद्ध नसणे आणि निकृष्ट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

(कोंबडी आणि धान यांचे नाते तसेही जुने आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथील असून ती इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातली आहेत. कोरडवाहू धानशेतीच्या दाण्यांनी रानकोंबडी माणसाच्या वस्तीकडे ओढली गेली, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे.)

काळी आहे म्हणजे कडकनाथच का?

नाही. सर्वाधिक फसवणूक इथेच होते, म्हणून हे जरा तपशिलात.

कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ, धार भागातली भिल्ल, भिलाला समाजांनी जपलेली जात. तिचे मांस, हाडांवरचे आवरण, आतडी यांत काळे रंगद्रव्य साठते. याला कारण गुणसूत्र क्रमांक २० वरील एका तुकड्याची दुबार प्रत. इंडोनेशियाची आयाम सेमानी आणि चीनची सिल्की या कोंबड्यांतही हाच बदल आढळतो. महत्त्वाचे हे की हा गुण प्रभावी आहे. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पिल्लात उमटतो. त्यामुळे कडकनाथ कोंबडा गावठी तलंगांवर सोडला की पहिल्या पिढीतली बरीच पिल्ले, विशेषतः माद्या, काळ्या कातडीच्या निघतात. पुढच्या पिढीत मात्र रंग फुटतो : काही काळी, काही सावळी, काही चक्क पिवळ्या पायांची. विक्रेता विकतो ती पहिली पिढी आणि घरी उगवते ती दुसरी.

खरा कडकनाथ पाहताना तुरा, गलोल, जीभ, नखे, पायांची कातडी हे सगळे एकत्र पाहावे लागते. एकाच खुणेवर विसंबता येत नाही. पिसांचा रंग तर अजिबात कामाचा नाही, कारण पूर्ण काळा, पांढरट रेघांचा आणि सोनेरी झाक असलेला असे तिन्ही प्रकार कडकनाथमध्ये मान्य आहेत. आणि एक सोपी चाचणी : कोणी ‘कडकनाथची काळी अंडी’ दाखवत असेल, तर तिथून निघावे. कडकनाथची अंडी फिकट तपकिरी, मळकट पांढरी असतात. रक्तही लालच असते.

जुलै २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन त्या प्रदेशातील उत्पादनाला आहे. लाखनीत वाढवलेला कडकनाथ कितीही शुद्ध असला तरी त्यावर तो शिक्का लावून विकता येत नाही.

मानांकनानंतर मागणीचा जो फुगा फुगला, तो महाराष्ट्रात वर्षभरातच फुटला. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील महारयत अॅग्रो या कंपनीने शेतकऱ्यांना पिल्ले देऊन अंडी व पक्षी चढ्या दराने परत घेण्याची हमी दिली होती. २०१९च्या उत्तरार्धात ही साखळी तुटली, कंपनीविरुद्ध फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले आणि पश्चिम महाराष्ट्रासह अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची गुंतवणूक अडकली. त्या व्यवहाराकडे आज पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. शेतकरी ज्याला विकणार होता, तो ग्राहक खाणारा नव्हताच. त्याच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले पुढच्या शेतकऱ्याला विकली जाणार होती. खाणारा ग्राहक शोधण्याआधी पाळणारे वाढत गेले तर कोणतीही जात, कितीही शुद्ध असो, तोट्यातच जाते.

असील पाळणे गुन्हा आहे का?

पाळणे गुन्हा नाही, झुंजवणे आहे. ‘असील’ हा शब्दच अरबीतून आला असून त्याचा अर्थ अस्सल, कुलीन. उंच मान, आखूड तुरा, घट्ट पिसे आणि मांसल छाती यांमुळे मांसासाठीही ही जात सरस मानली जाते. अंडी मात्र फार कमी. माद्या उत्तम खुडूक बसतात, म्हणून जाणते लोक इतर जातींची अंडी असीलखाली ठेवतात.

पण पूर्व विदर्भात असील हे नाव निघाले की पाठोपाठ कोंबडबाजार आठवतो. धानाची कापणी झाली की रानात, नाल्याकाठी भरणारे हे अड्डे, कोंबड्याच्या पायाला बांधलेली लोखंडी काती आणि त्यावर लागणारा पैसा, याच्या बातम्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून नेमाने येतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा केंद्रीय कायदा आणि १८८७चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, या दोहोंखाली पोलीस कारवाई करतात. १९६०च्या कायद्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे. त्या पैशात कोंबड्याचे चार दिवसांचे खाद्यही येणार नाही.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : लाखनीचा शंकरपट पुन्हा भरतो, मग कोंबड्यांनीच काय केले? फरक कायद्यात आहे. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. कोंबड्यांच्या झुंजीसाठी अशी कोणतीही दुरुस्ती नाही. परिणामी ज्या घरात असील केवळ हौसेने, जात टिकवण्यासाठी पाळला जातो, त्या घराकडेही संशयाने पाहिले जाते, आणि चांगले नर कोंबडे चोरीला जाण्याची धास्ती वेगळीच.

घरच्या कळपात शुद्धता टिकते का?

टिकते, पण त्यासाठी दोन गोष्टी कळायला हव्यात आणि दोन्ही सहसा कोणी सांगत नाही.

पहिली : कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचे शुक्रजंतू दोन आठवड्यांपर्यंत, कधी त्याहून थोडे जास्त जिवंत राहतात. आज शेजाऱ्याचा कोंबडा कुंपण ओलांडून येऊन गेला असेल तर पुढच्या पंधरवड्यातल्या अंड्यांचा बाप कोण, हे सांगता येत नाही. म्हणून पैदाशीची अंडी साठवण्याआधी माद्या किमान तीन आठवडे फक्त ठरलेल्या कोंबड्यासोबत बंदिस्त ठेवाव्या लागतात. मोकळ्या अंगणात सोडलेल्या कळपातून ‘शुद्ध’ अंडी विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारला तरी पुरे.

दुसरी गोष्ट रक्ताच्या जवळिकीची. बहुतेक घरांत आठ-दहा माद्यांमागे एकच कोंबडा असतो. साहजिकच सगळी पिल्ले निदान सावत्र भावंडे. त्यातलाच एखादा देखणा नर पुढचा कोंबडा म्हणून राखला की भाऊबहिणींची जोडी लागली. पैदास शास्त्रातल्या साध्या सूत्राने हिशेब करता एक कोंबडा आणि दहा माद्या अशा बंद कळपात रक्ताची जवळीक दर पिढीला सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. माद्या दहाच्या वीस केल्या तरी आकडा जेमतेम १३ वर येतो. पण माद्या दहाच ठेवून कोंबडे एकाचे दोन केले, तर तो साडेसात टक्क्यांवर घसरतो. शासनाच्या योजनेत २५ तलंगांसोबत तीन नर दिले जातात, ते याच हिशेबात बसते : तिथे वाढ पाच टक्क्यांच्या आत राहते. असे असूनही तीनपैकी दोन कोंबडे पहिल्याच सणाला कापले जातात, हा भाग वेगळा.

जवळीक वाढल्याचे परिणाम एका दिवसात दिसत नाहीत. आधी अंडी कमी फलित होतात, मग कवचातच पिल्ले मरतात, मग वाकड्या बोटांची, मंद वाढीची पिल्ले निघतात. दोष खाद्याला, हवामानाला, कधी कोणाच्या नजरेला दिला जातो. उपाय फुकट आहे : दर वर्षी-दीड वर्षाने दुसऱ्या गावातील, पण त्याच जातीच्या कळपाशी कोंबड्याची अदलाबदल. गावठी कळपांत हे नकळत घडत आले, कारण लेकीच्या घरी जाताना तलंग आणि येताना कोंबडा अशी देवाणघेवाण चालत असे. शुद्ध जातीच्या हौशी पाळणाऱ्याला मात्र आसपास तसा दुसरा कळपच नसतो. पायात रंगीत कडी घालून कोण कोणाचे हे वहीत लिहून ठेवणे, हा मग कंटाळवाणा पण अटळ मार्ग.

पिल्ले जगतात किती, यावरच सगळे?

शंभर पिल्ले आणली तरी नफा-तोटा पहिल्या चार आठवड्यांतच ठरतो. गावठी पिल्लाला आईची ऊब असते. खोक्यातून आलेल्या पिल्लाला ती बल्बने द्यावी लागते : पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस, नंतर दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. बल्बखाली गच्च गोळा झाली तर थंडी आहे, भिंतीकडे पळाली तर उकाडा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वीज गेली आणि पर्यायी सोय नसली तर सकाळी एका कोपऱ्यात ढीग सापडतो, एकमेकांखाली चेंगरलेला.

खाली धानाच्या तुसाची गादी हवी, इथे ती मुबलक आहे. पावसाळ्यात ती ओली राहिली की रक्ती हगवण लागते. खाद्याबाबत धानपट्ट्यातली चूक वेगळीच. कनकी आणि कोंडा घरात असतो, म्हणून पिल्लांनाही तोच घातला जातो. मोठ्या कोंबडीला तो चालतो, कारण ती किडे, वाळवी, गोगलगायी खाऊन प्रथिनांची भर घालते. बंदिस्त पिल्लाला ती मुभा नसते. त्याला पहिले सहा-आठ आठवडे प्रथिनयुक्त पिल्लांचे खाद्य लागतेच. त्या काळात वाचवलेले पैसे पुढे अंड्यांच्या रूपाने गमावले जातात.

राहिला शिकाऱ्यांचा प्रश्न. मुंगूस, रानमांजर, घार, धामण, भटकी कुत्री. जंगलालगतच्या गावांत खुराड्याच्या वासाने बिबट्याही येतो. जाळी जमिनीत वीतभर गाडलेली आणि दाराला बाहेरून कडी असलेला खुराडा ही तिथे कोंबड्यांइतकीच माणसांच्या सुरक्षेची बाब ठरते.

मानमोडीची लस का पोहोचत नाही?

रानीखेत, म्हणजे गावातली मानमोडी. हिरवट पातळ विष्ठा, लुळे पंख, पिळलेली मान. लस न दिलेल्या कळपात शिरली तर दहातल्या नऊ कोंबड्या आठवडाभरात जाऊ शकतात. हा रोग १९२६-२७च्या सुमारास इंग्लंडमधील न्यूकॅसल आणि पाठोपाठ कुमाऊंमधील रानीखेत येथे नोंदला गेला, म्हणून ही दोन नावे. लस उपलब्ध होऊन अनेक दशके लोटली. ती महागही नाही. महाराष्ट्रात पुण्याच्या औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ती तयारही होते. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाखाली टोचणी, एवढा साधा कार्यक्रम. जोडीला देवीची लस.

तरी अंगणातली बहुसंख्य पाखरे लसीविना राहतात. त्याचे कारण अज्ञान हे सांगितले जाते. पण खरे कारण बाटलीत आहे. लसीची कुपी साधारण शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने ती आणायची तर नव्वद मात्रा फेकायच्या. बर्फाच्या डब्यातून तालुक्याहून गावापर्यंत आणायची कोणी, हा पुढचा प्रश्न. दिवसा आणली तर कोंबड्या रानभर पांगलेल्या. त्यामुळे लसीकरण घरापुरते कधीच परवडत नाही. ते वाडीने, मोहल्ल्याने एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर मिळूनच करावे लागते. ज्या गावात महिला बचत गटांनी हे अंगावर घेतले तिथे ते जमते. जिथे ते प्रत्येकावर सोडले तिथे नाही.

महागडी जात आणणाऱ्याला याचा फटका जास्त बसतो. त्याची पाखरे लसवंत असली तरी शेजारच्या दहा घरांतली नसतात. आणि रोग आला की लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे उरलेल्या कोंबड्या तातडीने आठवडी बाजारात विकतात. तेथून तो पुढच्या गावात जातो.

बर्ड फ्लूचा अंगणाशी काय संबंध?

देशात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरमध्ये झाली. तोच बुसराचा पट्टा. तेव्हा मोठ्या शेडसोबत आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. विदर्भाला याची झळ अलीकडे बसली. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या शासकीय अंडी उबवणी केंद्रात संसर्ग आढळून आठ हजारांहून अधिक पक्षी मारण्यात आले. त्याच वर्षअखेरीस नागपूरच्याच गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूने दगावले.

सध्याच्या केंद्रीय आराखड्यानुसार संसर्ग आढळलेल्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी राहते. परिघ आखताना जात पाहिली जात नाही. दुर्मीळ जातीचा एकमेव कळप एकाच गावात असेल तर तो एका दिवसात संपू शकतो. २०२१च्या जानेवारीत झाबुआतील ज्या कडकनाथ पालकाकडे क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनीने दोन हजार पिल्लांची मागणी नोंदवली होती, त्याच्याकडेच हा रोग निघाला आणि मागणी पूर्ण होऊ शकली नाही. लांबून पिल्ले मागवणाऱ्यांनी ती किमान दोन-तीन आठवडे जुन्या कळपापासून वेगळी ठेवणे, त्यांना दाणापाणी सगळ्यात शेवटी देणे, चपला वेगळ्या ठेवणे हे म्हणूनच गरजेचे.

शासनाच्या योजना शुद्ध जातीसाठी आहेत का?

मुख्यतः नाहीत. पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत २५ तलंगा व तीन नर, किंवा शंभर एकदिवसीय पिल्ले ५० टक्के अनुदानावर दिली जातात. राष्ट्रीय पशुधन अभियानात पैदास कळप, हॅचरी आणि पिल्लू संगोपन अशा प्रकल्पाला ५० टक्के, कमाल २५ लाखांपर्यंत अनुदान आहे. दोन्हीकडे वाटप होते ते प्रामुख्याने सुधारित, जास्त अंडी देणाऱ्या पक्ष्यांचे. कुटुंबाचे उत्पन्न वाढवायचे तर ते योग्यच. पण याची दुसरी बाजू बोलली जात नाही. हे नर अंगणात फिरतात, गावठी तलंगांना भिडतात आणि पुढच्या पिढीत खुडूक बसण्याचा, पिल्ले सांभाळण्याचा गुण पातळ होतो. अंडी वाढतात आणि ती उबवणारी कोंबडी कमी होते. ज्या घरात हॅचरीतून पिल्ले विकत घेण्याची ऐपत नाही, तिथे हा सौदा महागात पडतो. अनुदानासोबत गावठीच्या चांगल्या नरांची निवड आणि अदलाबदल याला चार पैसे मिळाले असते तर चित्र वेगळे दिसले असते.

पिल्ले घेण्याआधी काय पाहावे?

लाखनीकरांसाठी सर्वांत जवळची तज्ज्ञांची जागा म्हणजे साकोलीचे कृषी विज्ञान केंद्र आणि तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जाहिरातीवरून पैसे पाठवण्याआधी तिथे एक फेरी मारण्यास खर्च येत नाही. विक्रेत्याकडे स्वतः जाऊन आईबापांचा कळप पाहावा, छायाचित्र नव्हे. नर किती, माद्या किती, कळप बाहेरून केव्हा बदलला, हे विचारावे. मागच्या वर्षी घेतलेल्या दोन गिऱ्हाइकांची नावे मागावीत आणि त्यांच्याकडची दुसरी पिढी जाऊन पाहावी. लसीची तारीख तोंडी नव्हे, कागदावर घ्यावी. परत खरेदीची हमी कोणी देत असेल तर तो माल पुढे कोणाला विकतो, हे विचारावे. उत्तर ‘दुसऱ्या शेतकऱ्याला’ असे आले तर इस्लामपूर आठवावे.

आणि पहिल्या खेपेला शंभर नव्हे, दहा पिल्ले. त्यातली सहा महिन्यांनी किती उरली, किती काळी राहिली आणि खुडूक किती बसल्या, हे मोजूनच पुढची नोंदणी करावी. तोपर्यंत घरची गावठी विकू नये. कडकनाथची अंडी उबवायला बहुधा तीच लागणार आहे.